ते पित्त नव्हते : आपल्या हृदयाची ओळख

आज कुटुंबाच्या या पानावर आम्ही हृदय आणि रक्ताभिसरण यांविषयी लिहिणार आहोत. पण सुरुवात एका रात्रीपासून करावी लागेल. त्या रात्री आमच्याकडूनही चूक झाली आणि ती लपवून शहाणपण सांगणे आम्हाला पटत नाही.

आमच्या चाळीत, आमच्या खोलीपासून तिसऱ्या खोलीत एक माथाडी कामगार राहत होते. सारी चाळ त्यांना तात्या म्हणत असे. वय चोपन्न. तीस वर्षे पाठीवरून गोणी वाहिलेला माणूस. "अजून डॉक्टरची पायरी चढलो नाही," असे ते अभिमानाने सांगत. एका रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या छातीत जड जड वाटू लागले. घाम फुटला. डाव्या खांद्यात आणि जबड्यात कळ येऊ लागली. आम्ही चार-पाच शेजारी जमलो. कोणी म्हणाले पित्त, कोणी म्हणाले गॅस. वहिनींनी ओवा-मीठ दिले, आम्ही कोपऱ्यावरून सोड्याची बाटली आणली. एवढ्यावर थांबलो नाही. "चाललात म्हणजे गॅस मोकळा होईल," असे म्हणून आम्हीच त्यांच्या काखेत हात घालून त्यांना गॅलरीत तीन-चार फेऱ्या मारायला लावल्या. नंतर ते जिना उतरून खाली संडासला जाऊन आले. पहाटे चारच्या सुमारास तात्या गेले.

मृत्यूचा दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "हा हार्ट अटॅक होता. दुखायला लागल्याबरोबर दवाखान्यात न्यायला हवं होतं."

जलदान विधीच्या दिवशी तात्यांची मुलगी आमच्याजवळ येऊन बसली. त्या वर्षी ती दहावीला होती. म्हणाली, "काका, हृदयाची आकृती मी वहीत किती वेळा काढली. नावं पण सगळी पाठ आहेत. पण बाबांच्या छातीत काय होतंय, ते मला ओळखता आलं नाही."

आम्ही तिला काही उत्तर देऊ शकलो नाही. आजचा हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे, उशिरा दिलेले. विद्या वहीत राहिली तर ती परीक्षेपुरती. ती घरात उतरली पाहिजे. म्हणून ती आकृती आज आपण वहीतून बाहेर काढू.

मूठ आवळा, नाडी मोजा

हाताची मूठ आवळा. साधारण तेवढेच आपले हृदय असते. मोठ्या माणसाचे हृदय पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम भरते. ते डावीकडे असते असे आपण म्हणतो. खरे तर ते छातीच्या मधोमध, फासळ्या जिथे जुळतात त्या हाडाच्या मागे असते. त्याचे खालचे टोक तेवढे डावीकडे झुकलेले असते आणि ठोका तिथे जाणवतो. हे नीट लक्षात ठेवा. हृदयाचे दुखणे बहुतेक वेळा छातीच्या मध्यभागी येते, आणि "डावीकडे दुखत नाही, म्हणजे हृदयाचे नाही" असे म्हणून कित्येक माणसे स्वतःची फसवणूक करून घेतात.

आता मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटे टेकवा. नाडी लागेल. घड्याळ समोर ठेवून एक मिनिट मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान असते. आपण ७२ धरू. दर ठोक्याला हृदय सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे जवळजवळ एक कटिंग चहा. ७२ गुणिले ७० केले की पाच लिटर होतात. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण रक्तही सुमारे पाच लिटरच असते. म्हणजे अंगातले सारे रक्त एका मिनिटात एकदा हृदयातून जाते.

दिवसाचा हिशेब करा. एक लाखावर ठोके आणि सात हजार लिटरहून अधिक रक्त. पाणी साठवायचा दोनशे लिटरचा ड्रम आपल्या ओळखीचा आहे. असे छत्तीस ड्रम रोज, तेही मुठीएवढ्या मांसाच्या गोळ्याने, एकही सुट्टी न घेता.

चौदाशे वर्षांची चूक आणि एक गुणाकार

आता आपण जो गुणाकार केला, त्याच गुणाकाराने जगाचे वैद्यकशास्त्र बदलले.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गॅलेन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याचे म्हणणे असे, की खाल्लेल्या अन्नापासून यकृत सतत नवे रक्त तयार करते, ते रक्त शरीरभर जाते आणि शेतात पाणी मुरावे तसे अवयवांत मुरून संपते. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या भागांमध्ये जो पडदा आहे, त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत आणि थोडे रक्त त्यांतून पाझरते, असेही त्याने सांगितले. ती छिद्रे कोणी पाहिली नव्हती. पण गॅलेन थोर, त्याचे ग्रंथ थोर. युरोपातल्या विद्यापीठांत तेच पाठ करून घेतले जात होते.

तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने स्पष्ट लिहिले, की या पडद्याला छिद्रे नाहीत आणि उजवीकडचे रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येते. तरी युरोपात गॅलेनचीच सत्ता पुढे कितीतरी काळ चालू राहिली.

मग इंग्लंडमध्ये विल्यम हार्वे झाला. जन्म १५७८ चा. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातून तो १६०२ मध्ये डॉक्टर झाला आणि लंडनला आला. त्याने ग्रंथ मिटवले आणि प्राण्यांची हृदये उघडून पाहिली. मासे, बेडूक, साप यांची हृदये सावकाश चालतात, म्हणून ती पाहिली. मग त्याने मोजले. समजा, हृदय दर ठोक्याला फक्त अर्धा औंस, म्हणजे चौदा ग्रॅम रक्त ढकलते. त्याने हा आकडा मुद्दाम कमी धरला होता. अर्ध्या तासात हजार ठोके धरले तरी पाचशे औंस होतात, म्हणजे चौदा किलो. माणसाच्या अंगात एवढे रक्तच नसते! एवढे रक्त यकृत अर्ध्या तासात कशातून तयार करणार? तेवढे अन्न कोण खातो? आणि मुरलेले रक्त जाते कुठे?

उत्तर एकच होते. रक्त नवे येत नाही आणि संपतही नाही. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरते. १६२८ मध्ये हार्वेचे लहानसे लॅटिन पुस्तक फ्रँकफर्ट येथे छापले गेले. त्याला ओळखणारा जॉन ऑब्री हा लेखक सांगतो, की पुस्तक आल्यावर हार्वेकडे येणारे रोगी कमी झाले आणि लोक त्याला चक्रम म्हणू लागले. पण गुणाकार खोटा पाडणे कोणाला जमले नाही.

ग्रंथात लिहिले आहे, परंपरेने चालत आले आहे, एवढ्यावर खरे मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. तथागतांनी कालामांना तेच सांगितले होते. तरीही त्या रात्री आम्ही काय केले? छातीत दुखले म्हणजे पित्त, ही चाळीची परंपरा डोळे मिटून मानली. तात्यांची नाडीसुद्धा कोणी मोजली नाही.

हातावरचा प्रयोग

हार्वेने आपल्या पुस्तकात हातावरच्या शिरांचा एक प्रयोग चित्रांसह दाखवला आहे. पैसे लागत नाहीत. मुलांना जवळ बोलवा. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले आहे, त्याच्या हातावरच्या शिरा चांगल्या उठून दिसतात, तोच हात घ्या.

हात थोडा वेळ खाली सोडा म्हणजे शिरा फुगतील. मनगटाच्या मागे एक सरळ शीर निवडा. तिच्यावर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने त्याच शिरेतले रक्त कोपराच्या दिशेने निपटत न्या आणि ते दुसरे बोट उचला. मधली शीर रिकामी झालेली दिसेल, आणि बहुधा वरचे रक्त परत खाली येणार नाही. आता पहिले बोट उचला. शीर खालून क्षणात भरेल.

याचा अर्थ काय? शिरेत रक्त हृदयाकडेच जाते. उलट येऊ लागले तर आतल्या झडपा मिटतात. ज्या वाहिन्या हृदयाकडून रक्त नेतात त्या धमन्या, आणि ज्या हृदयाकडे रक्त आणतात त्या शिरा. जुन्या शालेय पुस्तकांत यांनाच रोहिणी आणि नीला म्हणत. पायातल्या शिरांना तर चढावर काम करावे लागते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू त्यांना दाबतात आणि रक्त वर चढते. म्हणूनच यंत्रासमोर किंवा वर्गात दिवसभर एका जागी उभे राहणाऱ्यांच्या पायांना सूज येते आणि शिरा फुगतात. अशांनी अधूनमधून चार पावले चालावे, टाचा वर-खाली कराव्यात.

चार खोल्यांचे घर

हृदय म्हणजे चार खोल्यांचे घर समजा. वर दोन, खाली दोन. उजवीकडच्या आणि डावीकडच्या खोल्यांमध्ये पक्की भिंत आहे. वरून खाली जायला मात्र दारे आहेत आणि ती एकाच बाजूला उघडतात. वरच्या खोल्यांना कर्णिका आणि खालच्यांना जवनिका म्हणत. आताच्या पुस्तकांत अलिंद आणि निलय असे शब्द आहेत.

शरीरभर फिरून आलेले रक्त उजवीकडच्या वरच्या खोलीत येते. ते गडद लाल असते. त्यातला प्राणवायू काही प्रमाणात वापरला गेलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तिथून ते खालच्या खोलीत उतरते आणि खालची खोली आवळली की फुप्फुसांत जाते. तिथे आपण घेतलेल्या श्वासातला प्राणवायू रक्तात मिसळतो आणि निरुपयोगी वायू बाहेर पडतो. रक्त लालभडक होते. ते डावीकडच्या वरच्या खोलीत येते, खाली उतरते आणि डावी खालची खोली जोरात आवळून त्याला महाधमनीत ढकलते. तिथून मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत.

उजव्या खालच्या खोलीला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पोचवायचे असते. डावीला साऱ्या शरीरभर पोचवायचे असते, म्हणून तिची भिंत सुमारे तिप्पट जाड असते. ज्याच्यावर ओझे जास्त, त्याचा स्नायू जाड. माथाडीच्या खांद्यासारखेच हे.

डॉक्टर छातीला नळी लावून 'लब्-डब्' ऐकतात, तो आवाज झडपा मिटण्याचा असतो. वरच्या-खालच्या खोल्यांमधली दारे मिटली की 'लब्', आणि बाहेर जाणाऱ्या वाटांची दारे मिटली की 'डब्'. दार नीट मिटले नाही किंवा नीट उघडले नाही, तर या आवाजात फरक पडतो.

इथे आईबापांनी विशेष लक्ष द्यावे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो. एका खोलीत सात-आठ माणसे झोपत असतील तर तो जंतू लवकर पसरतो. घसा बरा होतो, आपण विसरून जातो. पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट. याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पुढे तरुणपणी, मुलींना तर पहिल्या गरोदरपणात, धाप लागू लागते तेव्हा हे कळते. घशासाठी डॉक्टरांनी दिलेले औषध अर्धवट सोडू नका. एकदा हा ताप येऊन गेला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते स्वस्त आहे. झडपेची शस्त्रक्रिया स्वस्त नाही.

केसाहून बारीक गल्ल्या

धमन्यांतले रक्त शिरांत जाते कसे, हे हार्वेला दिसले नव्हते. त्याच्याजवळ पुरेसे चांगले सूक्ष्मदर्शक नव्हते. तो १६५७ मध्ये वारला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे पाहिले. याच केशवाहिन्या. हार्वेच्या वर्तुळातला उरलेला तुकडा सापडला.

रक्ताचे खरे काम याच गल्ल्यांत होते. इथे लाल पेशी एकामागे एक, अंग चोरून, वाकून जातात. प्राणवायू आणि अन्न देतात, कचरा उचलतात. लाल पेशी प्राणवायू वाहते ती तिच्यातल्या लोहाच्या जोरावर. अंगात लोह कमी पडले की प्रत्येक फेरीत माल कमी जातो आणि तो भरून काढायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. सगळ्यांना वाढून उरेल ते खाणाऱ्या आपल्या घरातल्या बाईला दोन जिने चढून धडधडते, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल हा शब्द माहीत आहे. तिथे आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही हा आजार आढळतो. त्यात लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, या गल्लीत अडकते आणि असह्य वेदना होतात. तो आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्न ठरवताना पत्रिका पाहण्याची चाल आपण सोडली, ते उत्तम केले. त्या जागी ही रक्ततपासणी ठेवावी.

हृदय कधी जेवते?

हृदयाला सुट्टी नाही, असे आम्ही वर म्हटले. पण विश्रांती आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतात. त्यातले सुमारे ०.३ सेकंद खालच्या खोल्या आवळतात आणि ०.५ सेकंद सैल पडतात. दिवसाचा हिशेब केला तर नऊ तास काम आणि पंधरा तास विश्रांती. फक्त ती अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यांनी मिळते.

या विश्रांतीतच हृदयाचे जेवण होते. हृदयाच्या खोल्या रक्ताने भरलेल्या असल्या तरी त्याच्या जाड भिंतींना त्या रक्तातून प्राणवायू घेता येत नाही. धान्याच्या गोदामात राबणाऱ्या हमालाला जसे आपल्या घरचे धान्य वेगळे विकत घ्यावे लागते, तसे हे आहे. महाधमनी हृदयातून निघाल्याबरोबर तिला दोन बारीक फांद्या फुटतात आणि त्या हृदयाच्याच अंगावर पसरतात. हृदय सैल पडले की त्यांतून त्याच्या स्नायूला रक्त मिळते. नाडी फार जलद झाली की विश्रांतीचा वेळ कमी होतो, म्हणजे काम वाढते आणि जेवायची सुट्टी घटते.

या फांद्यांच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षे चरबीचे थर बसत जातात. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, तिथे रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद होते. त्यापुढचा स्नायू उपाशी पडतो. वीस-तीस मिनिटांनंतर तो मरू लागतो आणि वाट उघडली नाही तर पुढचे काही तास मरत राहतो. यालाच हार्ट अटॅक म्हणतात. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. हृदयाकडून आणि हातातून, जबड्यातून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच वाटेने मेंदूकडे जातात, म्हणून मेंदूची गफलत होते आणि कळ खांद्यात, जबड्यात, पाठीत वाटते.

आता तात्यांची रात्र पुन्हा आठवा. त्यांच्या हृदयाचा एक भाग उपाशी मरत होता. त्या वेळी काम कमी करायचे की वाढवायचे? आम्ही त्यांना गॅलरीत चालवले. जिना चढू दिला. उपाशी हमालाच्या पाठीवर आणखी एक गोणी ठेवली.

नळाचा दाब

वाट बुजते ती एका रात्रीत नाही. तिला मदत करणारे घरातच असतात. पहिला म्हणजे रक्तदाब. नळाच्या पाण्याला जसा दाब असतो, तसा धमनीतल्या रक्ताला असतो. हृदय आवळते तेव्हाचा वरचा आकडा, सैल पडते तेव्हाचा खालचा. १२०/८० च्या आसपास असला तर ठीक. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिला तर तो वाढलेला आहे. वाढलेला दाब दुखत नाही, खुपत नाही. धमन्यांच्या भिंती आतून खरवडत राहतो. एका घरात त्याचा शेवट हार्ट अटॅकने होतो, दुसऱ्या घरात लकव्याने, तिसऱ्या घरात मूत्रपिंड निकामी होऊन. "मला काही त्रास नाही" म्हणून गोळी बंद करणारे आपल्यात फार. त्रास नाही, तो गोळीमुळेच नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही.

दुसरा तंबाखू. बिडी असो, गुटखा असो की मिश्री असो, त्यातले निकोटिन नाडी जलद करते आणि धमन्या आवळते. म्हणजे काम वाढवते आणि वाट अरुंद करते. तिसरे मीठ. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे. भाकरीबरोबर लोणचे, सुकट, खारे बोंबील, वर पापड असे ताट असले तर ते सहज ओलांडले जाते. सुकट सोडा असे आम्ही म्हणत नाही. धुऊन घ्या, कालवणात वरून मीठ घालू नका आणि रोज खाऊ नका. चौथी साखर, म्हणजे मधुमेह. तो धमन्या तर खराब करतोच, शिवाय मज्जातंतूही बोथट करतो, त्यामुळे हृदय उपाशी पडले तरी कधी कधी छातीत दुखतच नाही.

"आम्ही अंगमेहनत करतो, आम्हाला कशाचा हार्ट अटॅक?" असा एक समज आहे. तात्यांचाही होता. मेहनतीने हृदय मजबूत होते हे खरे. पण ती मेहनत तंबाखूचा आणि वाढलेल्या दाबाचा हिशेब पुसून टाकत नाही.

अशी वेळ आली तर

हा भाग कापून भिंतीवर लावा.

छातीच्या मधोमध जड वाटणे, आवळल्यासारखे होणे, कळ हातात, जबड्यात, पाठीत जाणे, गार घाम, धाप, मळमळ, यांपैकी काही अचानक झाले आणि पाच-दहा मिनिटांत थांबले नाही, तर ते पित्त समजू नका. बायकांना आणि मधुमेहींना नुसती धाप, पोटाच्या वर जळजळ किंवा एकाएकी गळून गेल्यासारखेही वाटते.

माणसाला टेकून बसवा. चालवू नका, जिना उतरू देऊ नका. १०८ ला फोन करा. औषध काय द्यायचे ते त्यांनाच विचारा. गाडी खाली उभी असेल तर रोग्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून उतरवा. चाळीत चार खांदे नंतर मिळतातच, ते आधी मिळू द्या.

दवाखान्यात ईसीजी काढायला सांगा. पहिला ईसीजी कधी कधी साधा येतो. दुखणे चालू असेल तर पुन्हा काढतात, रक्तही तपासतात. त्यासाठी थांबा, घाईने घरी नेऊ नका.

माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याचे हृदय थांबले असे समजा. त्याला कडक जमिनीवर उताणा झोपवा. छातीच्या मधोमध तळहात ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल असे जोराने दाबा आणि सोडा. गाडी येईपर्यंत थांबू नका, थकलात तर दुसऱ्याने घ्यावे. हे रक्त आपण आपल्या हातांनी फिरवत असतो.

खर्चाच्या धास्तीने उशीर करू नका. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड एका पिशवीत, सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा.

शेवटचे

तात्यांची मुलगी पुढे परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला गेली. सुट्टीला आली की रविवारी वंदना झाल्यावर ती विहाराच्या ओट्यावर बीपीचे यंत्र घेऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते. पहिल्याच रविवारी तिने आम्हाला बसवले. आम्ही म्हणालो, "आम्हाला काही होत नाही ग." ती म्हणाली, "काका, हेच बाबा म्हणायचे. हात पुढे करा."

आकडा १६०/१०० आला. दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तेवढाच. तेव्हापासून रोज सकाळी आमची गोळी चालू आहे, तंबाखूची डबी गेली आहे आणि दर महिन्याला आकडा एका वहीत लिहिला जातो. ती वही तिनेच आणून दिली. पहिल्या पानावर तिने हृदयाची आकृती काढली आहे, चारही खोल्यांची नावे घालून, आणि हृदयाच्या अंगावरच्या त्या दोन बारीक फांद्या लाल शाईने.

वाचकहो, या रविवारी आपणही घरातल्या प्रत्येकाची नाडी मोजा. तिशी ओलांडलेल्यांनी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, तिथे ती तपासणी मोफत होते. आकडा वहीत लिहा आणि वही मुलांच्या हाती द्या.